समुद्रावर धरलेली जागा

डहाणूच्या शाळेत नोकरी लागली तेव्हा तिथल्या एका बाईंनी पहिल्याच आठवड्यात मला विचारलं, "तुमचं कुलदैवत कुठलं हो?" मी म्हटलं, "टोपलीतलं." त्यांना वाटलं मी चेष्टा करतेय. त्यांचा चेहरा पडला, आणि तो पडलेला पाहून मला बरं वाटलं, म्हणून मी खुलासा केला नाही. माझा स्वभाव असा आहे, त्याला इलाज नाही. पण उत्तर खरं होतं.

माझं माहेर झरीच्या बाजूच्या एका पाड्यावर. भात, नागली, थोडी वरई, आणि उरलेल्या दिवसांत मजुरी. आमच्या घरचे देव बांबूच्या करंडीत राहतात. करंडीत नवं भात भरलेलं, त्यात चांदीच्या पातळ पत्र्याचे टाक. काही टाक देवांचे, काही घरातल्या गेलेल्या माणसांचे. आमच्याकडे माणूस मेला की त्याचा टाक करतात आणि तो देवांच्या शेजारी जाऊन बसतो. मात्र लगेच नाही. आधी त्याला समुद्राचं न्हाणं व्हावं लागतं. तोवर टाक कापडाच्या पिशवीत घालून बाहेर ओटीवर, वाशाला टांगून ठेवायचा. त्याला आतला दिवा नाही, सणाचा नैवेद्यही नाही. माणूस घरचा असतो, पण घरात नसतो.

न्हाण्याचा दिवस वर्षातून एकच, होळीच्या आधीची अमावस्या. लहानपणी आम्ही बैलगाडीने निघायचो, पुढे टेम्पो आला. बोर्डीपासून पुढे किनाऱ्याने गेलं की एका खाडीपासून काळ्या खडकांपर्यंतचा वाळूचा पट्टा आहे, तो आमच्या बाजूच्या पाड्यांचा समुद्र. त्या गावाचं नाव मी लिहीत नाही, तिथे अजून माणसं राहतात आणि त्यांना रोज त्याच रस्त्याने जायचं असतं. अमावस्येला भरती दुपारी चढते. पाणी जिथवर येऊन थांबतं तिथे फेसाची, काटक्यांची एक रेघ उरते. करंडी घेतलेला माणूस त्या रेघेवर पायाच्या अंगठ्याने गोल काढतो आणि मोठ्याने म्हणतो, "धरली." म्हणजे जागा धरली. मग देव एकेक करून बाहेर काढायचे, वाळूने घासायचे, लाटेत बुडवायचे आणि पुन्हा भातावर ठेवायचे. नारळ फोडायचा. भाकरी खायची. किनाऱ्यावर बोंबील वाळवणारी एक मच्छीमार बाई आईची मैत्रीण होती. आई तिला नागलीचं पीठ न्यायची, ती आईला सुके बोंबील द्यायची, आणि दोघी एकमेकींच्या मालाला नावं ठेवत ते पदरात घ्यायच्या.

निघताना करंडीवाल्याने पायाने तो गोल पुसायचा आणि म्हणायचं, "मोडली." आमचे मंत्र एवढे दोनच. पुसल्याशिवाय उठायचं नाही. समुद्र सगळ्यांचा, तेव्हा आपण बसलो होतो त्याची खूण ठेवायची नाही. दुसऱ्या पाड्याचे लोक येतील, त्यांच्या देवाला कुणाच्या उष्ट्या जागेवर का बसवायचं? आणि ज्याने धरली त्यानेच मोडायची. दुसऱ्याचा पाय चालत नाही. एकदा एक काका धरलेल्या जागेवरून उठून गप्पा मारत पार बाजारापर्यंत गेले, तर त्यांना तिथून शोधून आणलं होतं. तोवर सगळा पाडा उन्हात उभा. त्यांना पुढे कितीतरी वर्षं चिडवत होतो आम्ही.

दोन हजार चौदा साली आमचा जिल्हा वेगळा झाला. आता कामं पटापट होतील असं सगळेच म्हणत होते. किनाऱ्यावर एक काम तर खरंच पटापट व्हायला लागलं. वाळूत चुन्याच्या रेघा आल्या, मग लाल कापडं बांधलेल्या खुंट्या, मग दुर्बिणीसारखं यंत्र लावून मोजणारी माणसं. तिथे रिसॉर्ट होणार होता. सुरूच्या बनापासून खडकांपर्यंतची जमीन कुणीतरी कुणाकडून तरी घेतलीही होती. माझं सासर आशागडला. तिथून डहाणूला शाळेत जाताना ही बातमी मला रिक्षातच कळली. सांगणारा रिक्षावाला खूश होता, कारण गिऱ्हाईक वाढणार होतं. त्याच्यावरही मला रागावता येईना.

मग ग्रामपंचायतीच्या सभागृहात बैठक झाली. किनाऱ्याचे लोक होते, आमच्या पाड्यांचे होते, रिसॉर्टवाल्यांचा माणूस होता, मोजणीवालेही होते. माझा मोठा भाऊ बोलायला उठला. मी त्याच्या मागेच बसले होते, त्यामुळे सगळं ऐकलं.

"अठं आमचे देव येतात," दादा म्हणाला.

"देऊळ कुठाय?" मोजणीवाल्याने विचारलं.

"देऊळ नाय."

"मूर्ती?"

"देव घरी हायत. न्हायला येतात."

"किती दिवस राहतात?"

"एक दुपार."

मागून कुणीतरी म्हणालं, "म्हणजे पिकनिकच की," आणि हशा पिकला. हसणाऱ्यांत आमच्यातलेही काही होते, तेही लिहिलं पाहिजे. आईची मैत्रीण बोंबलांचं सांगायला उठली, तर तिला विचारलं, वाळवायची जागा नकाशात कुठे आहे ते दाखवा. ती म्हणाली, "बोंबील नकाशात नाय, उन्हात वाळतात." तेव्हा पुन्हा सगळे हसले, पण हे हसणं वेगळं होतं. शेवटी मोजणीवाल्याने वाचून दाखवलं की जागेवर धार्मिक स्वरूपाचं काहीही आढळलं नाही. यात खोटं काय होतं? आम्हीच तर दर वर्षी पुसून येत होतो.

दादा घरी आला तो धुमसत. रात्री जेवला नाही. दुसऱ्या दिवशी पाड्यावर चार घरची माणसं जमली आणि ठरलं की समुद्रावर चौथरा बांधायचा. म्हणे, दिसेल असं काही असलं की कुणाची हसायची हिंमत होणार नाही. कुणीही नको म्हणालं नाही. आईने तर जागा सुचवली. ती म्हणाली, सुरूच्या सावलीत बांधा, देवाला ऊन लागायला नको. आणि भरतीच्या रेघेवर बांधला तर पहिल्याच उधाणाला वाहून जाईल, म्हणून वर, कोरड्यात बांधायचं हे सगळ्यांनाच पटलं.

बांधला माझ्या वडलांनी. ते गवंडीकाम करायचे. बोर्डीच्या बाजूच्या किती तरी बंगल्यांच्या भिंती त्यांच्या हातच्या आहेत, पण स्वतःसाठी त्यांनी आयुष्यात कधी सिमेंट कालवलं नव्हतं. आमचं घर कुडाचंच होतं. एका बंगल्याच्या कामावरून उरलेल्या फरशा मालकाने त्यांना दिल्या होत्या, त्या त्यांनी चौथऱ्याला लावल्या. स्वयंपाकघराच्या फरशा, द्राक्षांचे घोस आणि किटल्या छापलेल्या. मी म्हटलं, "बाबा, देवाच्या चौथऱ्यावर किटली?" ते म्हणाले, "देवाला चहा नको काय?" त्यांनी ओळंबा धरून चारही कोपरे पुन्हा पुन्हा तपासले. मधोमध आईने निवडलेला दगड बसवला, त्याला शेंदूर लावला. चौथरा खरंच देखणा झाला होता. मी मुद्दाम रजा काढून गेले होते आणि मला अभिमान वाटत होता, हे खोटं कशाला सांगू?

त्या अमावस्येला वडलांनी करंडी चौथऱ्यावर ठेवली. वाळूत नाही, फरशीवर अंगठ्याने गोल काढला. त्यावर काही उमटलं नाही, पण ते मोठ्याने म्हणाले, "धरली." कळशीने समुद्राचं पाणी वर आणून देव न्हाले. समुद्र समोरच होता, चार पावलं चालायचं, त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. भाकरी झाली. निघायची वेळ आली आणि सगळे वडलांच्या तोंडाकडे बघायला लागले. ते उठले, धोतर झटकलं, करंडी उचलली आणि काही न बोलता चालायला लागले. मोडली म्हणालेच नाहीत. आता ही जागा कायमची धरायची असंच तर ठरलं होतं. मग सगळे एकदम हसले, टाळ्या वाजल्या. भिंतीवरून उडी मारून आंबे पाडल्यावर हसतात तसे आम्ही हसलो. वडील पुढे चालत होते, मागे बघत नव्हते, पण त्यांचे कान हसत होते.

आणि गंमत म्हणजे आमचं म्हणणं मान्य झालं! पुढच्या बैठकीत रिसॉर्टवाल्यांचा माणूस स्वतः नकाशा घेऊन आला. आधीचा माणूस बदलला होता, हा गोड बोलायचा, मराठीत मधूनच गुजराती मिसळायचा. नकाशावर एक छोटा हिरवा चौकोन होता. त्यावर 'देवस्थान' असं छापलेलं. "जुओ दादा," तो म्हणाला, "तुम्ही दाखवला तेवढा सगळा सोडला. एक वीट हलणार नाय, गॅरंटी." आम्ही पेढे वाटले. आईची मैत्रीण तेवढी पेढा हातात धरून बसली होती. तिने मला विचारलं, "आणि बाकीचा समुद्र?" त्याचं उत्तर मला तेव्हाच सुचायला हवं होतं असं मी म्हणणार नाही. कुणालाच सुचलं नव्हतं, आणि पेढे चांगले होते.

रिसॉर्टची भिंत पुढच्या पावसाळ्याआधी उभी राहिली. त्याच पावसाळ्यात वडील गेले. कावीळ झाली होती, आधी झाडपाला केला, मग तलासरीला नेलं, मग पुढे न्यायला सांगितलं, त्याआधीच संपलं. लिहायला गेलं तर एवढंच आहे. त्यांचा टाक करायला मी डहाणूच्या सोनाराकडे गेले. सोनाराने विचारलं, चेहऱ्याला काही खूण हवी का? मी म्हटलं, हातात थापी दाखवा. त्याने ओळखीचं हसत दाखवली. आईने टाकासाठी निळ्या कापडाची पिशवी शिवली आणि ओटीवर वाशाला टांगली. रोज संध्याकाळी ती त्या पिशवीखाली बसून भाजी निवडायची आणि दिवसभराचं सगळं तिला सांगायची, कोंबडी कुठे बसली, सुनेने काय बिघडवलं. "थोडे दिस हायत," म्हणायची, "मग आत ये नि काय गोंधळ घालायचा तो घाल."

अमावस्या आली. टेम्पो भरून आम्ही निघालो. आई पुढे, मांडीवर करंडी, आणि पिशवी पोलक्यात खोचलेली. पूर्वी जिथून सुरूच्या बनात शिरायचो तिथे आता मोठं फाटक होतं. राखणदाराने हिंदीत विचारलं किती माणसं, आणि आत फोन केला. तो गोड बोलणारा माणूस स्वतः धावत आला. आता तो मॅनेजर झाला होता. त्याने आईला वाकून नमस्कार केला, चपला काढल्या. चौथरा झाडून पुसून ठेवलेला, दगडाला ताजा हार. मला त्याच्यात खोट काढायची होती, पण ती सापडेना. किटल्यांच्या फरशा चकचकीत होत्या. चौथऱ्याच्या शेजारी त्यांनी एक नवा नळ बसवून दिला होता.

समुद्र कुठेच नव्हता. चौथऱ्याच्या पलीकडे पोहण्याचा तलाव होता, त्याच्या पलीकडे उंच भिंत, भिंतीत एक बंद दार, आणि लाटा फुटायचा आवाज भिंतीमागून येत होता.

"ते दार उघडा," दादा म्हणाला.

"ते फक्त पाहुण्यांसाठी, दादा. सेफ्टीचा सवाल आहे. पण नळ आहे ना."

आईने नळ सोडला, बोट ओलं करून जिभेला लावलं. "हे खारं नाय," ती म्हणाली.

"नाय मावशी, गोडं आहे, फिल्टरचं!" तो कौतुकाने म्हणाला. मग आमचे चेहरे बघून गोंधळला बिचारा. म्हणाला, "समुद्राचा पाहिजे तर माणूस पाठवून बादली आणून देतो."

"समुद्र न दिसता बादलीनंच न्हाऊ घालायचा होता तर मी घरीच बसले नसते काय?" आई म्हणाली, आणि करंडी उचलून बाहेर निघाली.

फाटकाच्या बाहेर आलो. खाडीच्या बाजूला, भिंत संपते तिथे, वाळूचा एक तुकडा उघडा होता. बोंबील वाळवायच्या बांबूच्या वलांड्या आता सगळ्या तिथेच दाटीवाटीने उभ्या होत्या. आईच्या मैत्रिणीने आम्हाला बघून दोन बांबू बाजूला केले. "अठं बसा," म्हणाली, "ही तरी आपली हाय." भरती भरली होती. दादाने आईच्या हातातून करंडी घेतली, फेसाच्या रेघेजवळ गेला आणि गोल काढायला अंगठा पुढे केला.

"थांब," आई म्हणाली. "पहिली मोडली काय?"

दादाचा पाय वाळूवर तसाच राहिला.

मला सांगायची गरज नव्हती, तरी आई एकेक शब्द सुटा करून बोलली. पहिली जागा धरलेलीच होती. एका घरच्या दोन जागा होत नाहीत. पहिली मोडल्याशिवाय दुसरी धरता येत नाही, आणि ज्याने धरली त्यानेच ती मोडायची. ज्याने धरली होती तो तिच्या पोलक्यात निळ्या पिशवीत होता.

पाणी उतरायला लागलं. मैत्रिणीने आईला सुके बोंबील दिले, आईने नागलीचं पीठ दिलं, पण त्या दिवशी कुणी कुणाच्या मालाला नावं ठेवली नाहीत. देव न न्हाता परत निघाले. मी वडलांवर चिडले होते. मेलेल्या माणसावर चिडता येतं हे मला त्या दिवशी कळलं. इतका पक्का चौथरा कशाला बांधायचा?

पाड्यावरच्या भगताला विचारलं. त्याने तांदूळ टाकले, पुन्हा टाकले, आणि म्हणाला, बघू, देवाला सवड द्या. देवाला सवड म्हणजे भगताला उत्तर सापडलेलं नाही, हे आमच्याकडे पोरांनाही कळतं. दादा म्हणाला, मंत्र राहू दे, मी घण घेऊन जातो, चौथराच राहिला नाही तर जागा कसली? गेलाही. मॅनेजरने त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि समजावलं की हे देवस्थान आता कागदावर आहे, त्याला हात लावला तर पोलीस केस होईल, लोकांच्या भावना दुखावतील. कोणत्या लोकांच्या, असं दादाने विचारलं. तो म्हणाला, "तुमच्याच की." दादा हे घरी सांगत होता आणि सांगता सांगता हसायला लागला, आणि मग त्याला हसू आवरेना, आणि मग ते हसू राहिलं नाही.

पाड्यावर दोन तट पडले ते अजून आहेत. एक म्हणतो, चौथरा मोडू, अर्ज करू, होईल ते होईल. दुसरा म्हणतो, तेवढा एक चौकोनच आपल्या नावाचा उरलाय, तोही घालवायचा काय? मी दोन्हीकडच्यांना अर्ज लिहून देते. शिक्षक असण्याची ही शिक्षा आहे. कोणाचं बरोबर हे मला विचारतात तेव्हा मी चिडते, कारण मला माहीत नाही.

दोन हजार एकोणीसच्या अमावस्येला आम्ही समुद्रावर गेलो नाही. मी माहेरी होते. दुपारी, भरतीच्या वेळेला, आई ओटीवर बसली होती. वाशाची पिशवी तिने खाली काढली होती, टाक मांडीवर ठेवला होता आणि पिशवीची शिवण उसवत होती. शेजारी त्याच निळ्या कापडाचा आणखी एक तुकडा. मला वाटलं, पिशवी फाटली असेल. ती दोन्ही तुकडे जोडून बघायला लागली तेव्हा मी विचारलं, "इतकी मोठी कशाला?"

"माझापण टाक यातच घाला," ती म्हणाली. "तुझ्या बापसाला एकट्याला बाहेर टांगून मी आत जाऊन बसू काय?"

तिने सुई पुढे केली. हल्ली तिला दोरा ओवता येत नाही. मी ओवून दिला.